ठणठणीत दिसणाऱ्या मुलाचं ट्रान्सप्लांट आत्ताच करायचं का? (सीजीडी, वय ४)

अर्धविराम:

नमस्कार. बरेच महिने इथे वाचनमात्र आहे, आज लिहायची वेळ आली.

मुलगा चार वर्षांचा. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज (सीजीडी), एक्स-लिंक्ड, म्हणजे दोष एक्स गुणसूत्रावरचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी जंतू गिळतात आणि मग ऑक्सिजनच्या माऱ्याने त्यांना मारतात. याच्या पेशी गिळतात, पण मारू शकत नाहीत. सुरुवात झाली बीसीजीच्या टोचणीनंतर काखेत आलेल्या गाठीने. ती महिनोन्महिने वाहत राहिली. सगळे म्हणायचे, होतं काही मुलांना. मग मानेत गळू, मग यकृतात. यकृतातला पू पाहून एका तरुण डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी डीएचआर चाचणी लिहून दिली, पेशींत तो ऑक्सिजनचा मारा होतो का ते बघणारी. निरोगी माणसाच्या पेशी डिवचल्या की आलेखातला उंचवटा उजवीकडे सरकतो. याचा जागचा हलला नाही. सीवायबीबी जनुकात दोष, आई वाहक.

तेव्हापासून रोज कोट्रायमॉक्साझोल (जीवाणूंसाठी) आणि इट्राकोनॅझोल (बुरशीसाठी). आणि तेव्हापासून सर्दीतापापलीकडे काही नाही. धावतो, बहिणीच्या वह्या फाडतो, वजन वाढतंय. डॉक्टर बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुचवतात, म्हणजे दात्याचा मज्जारस देऊन रक्ताच्या पेशीच बदलायच्या. बहीण सात वर्षांची, एचएलए (दाता जुळतो का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) दहापैकी दहा जुळलं. डॉक्टर म्हणतात, हीच वेळ आहे. माझे वडील म्हणतात, धडधाकट पोराला विष द्यायला निघालात. बायकोचं मन ठरलंय. अडलोय तो मी.

मी विमा कंपनीत जोखीम मोजायचं काम करतो. परक्यांच्या मरणाचे तक्ते रोज हाताखालून जातात, घरचा तक्ता मात्र वाचता येत नाही. औषधांवर चाललंय तर चालू द्यावं का? जीन थेरपीची, म्हणजे त्याच्याच पेशींत नीट जनुक घालायच्या उपचाराची, वाट पाहावी का? आणि मुलीला यात घालायचा आम्हाला अधिकार किती? शिवाय त्या वॉर्डात नक्की काय होतं, हे कुणीतरी न सजवता सांगावं. माहितीपत्रकावरची मुलं फारच हसरी आहेत.


रात्रपाळी:

दादा, मी लहान मुलांच्या बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) वॉर्डात सिस्टर आहे, बरीच वर्षं, बहुतेक रात्रीच्या ड्यूटीवर. डॉक्टर नाही, तेव्हा डोसबिस मला विचारू नका. पण न सजवता म्हणालात म्हणून लिहिते.

आधी तुमच्या वडिलांचं. त्यांचं चुकत नाही. बसल्फान हे विषच आहे, आम्ही दोन हातमोजे घालून ते लावतो. मुलाच्या हाडांतला मज्जारस, जिथे रक्ताच्या पेशी बनतात, तो रिकामा केल्याशिवाय बहिणीच्या पेशींना बसायला जागा होत नाही, त्यासाठी ते द्यावं लागतं. त्यांच्याशी वाद घालू नका. विष का द्यायचं, एवढंच समजावून सांगा.

आता ‘आत्ताच का’. स्किड नावाचा आजार तुम्ही ऐकला असेल, त्यात बाळाला टी-पेशीच नसतात. तिथे प्रश्नच नसतो, ट्रान्सप्लांट किंवा जीन थेरपी झाली नाही तर बाळ सहसा वर्ष-दोन वर्षं काढत नाही. उत्तर अमेरिकेतल्या केंद्रांनी २०१४ मध्ये अशा २४० बाळांचा हिशोब छापला. साडेतीन महिन्यांच्या आत ज्यांचं झालं त्यांतली ९४ टक्के पाच वर्षांनंतर हयात होती. त्याहून मोठी, पण संसर्ग कधीच न झालेली, ९० टक्के. संसर्ग होऊन बरा झालेली ८२. आणि अंगात संसर्ग चालू असताना आत गेलेली ५०. तुम्ही आकड्यांतले आहात, हा उतार मी समजावून सांगायची गरज नाही. ९० आणि ५० मधला फरक आत शिरताना अंगात काय होतं त्याचा.

सीजीडीत मुलं औषधांवर वर्षानुवर्षं काढतात, म्हणून तुमच्यासारख्यांना प्रश्न पडतो, आणि पडायलाच हवा. पण हा उतार सीजीडीतही तसाच लागतो. युरोपातल्या नोंदींमधून ७१२ सीजीडी रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये आला. तीन वर्षांनी जवळजवळ ८६ टक्के हयात, आणि वय जितकं जास्त तितका निकाल वाईट. यात १९९३ पासूनचे सगळे आले, जुन्या कडक औषधांचे, अर्धवट जुळलेल्या दात्यांचे, फुप्फुसात बुरशी घेऊन आलेले. त्यातून तुमच्या मुलाचा आकडा सरळ निघत नाही. उलट बाजूनेही एक आहे. २०१४ मध्ये सौम्य, मोजूनमापून दिलेल्या बसल्फानवर ५६ रुग्णांचा निकाल आला, त्यांतले बरेच आधीच आजाराने गांजलेले होते, आणि ५२ वाचले. म्हणजे उशीर झाला की सगळं संपतं असंही नाही. पण बघा, तुमच्या डॉक्टरांना मुलगा ठणठणीत आहे याची भीती वाटत नाहीये, त्यांना तो ठणठणीत असतानाच आत यायला हवाय. बुरशीचा डाग फुप्फुसात असलेलं मूल न्यूट्रोफिल शून्यावर गेलेले दिवस काढतं तेव्हा रात्री तीन वाजता ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघत मी उभी असते. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला तसं उभं राहायला लागू नये, एवढाच त्यामागचा विचार.

वॉर्डातलं. पहिल्यांदा छातीत हिकमन लाइन घालतात, भूल देऊन. पुढचे कित्येक महिने रक्त काढणं, औषध देणं सगळं त्या नळीतून, त्यामुळे सुया टळतात. खोलीत हवा गाळून येते आणि आतला दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात, म्हणून दार उघडं टाकलंत की आम्ही ओरडतो. राग मानू नका. मग कंडिशनिंग, म्हणजे मज्जारस रिकामा करणारी औषधं. बसल्फान प्रत्येक मुलाच्या अंगात वेगवेगळं चालतं, म्हणून डोस दिल्यावर ठरलेल्या वेळांना रक्त काढून पातळी मोजतात. कमी पडलं तर पेशी नाकारल्या जातात, जास्त झालं तर यकृत सुजतं. त्या रात्री नमुना घेतला की मी मिनिटासकट वेळ लिहिते, कारण पुढचा डोस त्यावरून ठरतो. त्याने फिट येऊ शकते म्हणून ते टाळायचं औषध आधीपासून चालू असतं. एटीजी (मुलाच्या टी-पेशी दाबणारं औषध) दिलं तर पहिल्या दिवशी थंडी वाजून ताप भरतो, तेही अपेक्षितच.

मग येतो शून्यावा दिवस, म्हणजे पेशी चढवायचा. आईबाप त्या दिवशी नवे कपडे घालून येतात आणि हिरमुसतात. ऑपरेशन वगैरे काही नसतं. रक्ताच्या बाटलीसारखी एक पिशवी, काही तासांत नळीतून आत. मूल बहुतेक वेळा झोपलेलं असतं.

खरा कठीण काळ त्यानंतरचा, आणि तो कुणी नीट सांगत नाही. औषधांचा परिणाम उशिरा उतरतो. पिशवी चढल्यानंतरच्या आठवड्यात तोंड सोलवटतं, थुंकी गिळवत नाही, मॉर्फिनचा पंप लागतो. केस जातात. त्वचा काळवंडते, ती नंतर उजळते. खाणं बंद होतं. नाकातून पोटात नळी घालायला पालक ‘बघू, खाईल तो’ म्हणत थांबवतात आणि मग सोललेल्या घशातून ती घालावी लागते. त्यापेक्षा तोंड धड असतानाच घालू द्या. माझ्या सगळ्या लिहिण्यातून एवढं एक पाळलंत तरी पुरे.

न्यूट्रोफिल ५०० च्या वर सलग तीन दिवस राहिले की पेशी बसल्या असं धरतात. बहिणीचा मज्जारस असेल तर साधारण दोन ते चार आठवडे. तो आकडा रोज पहाटे येतो आणि आई दारात उभी असते. शून्य, शून्य, शून्य, मग एके दिवशी ४०. ४० ला आम्ही पेढे वाटत नाही, दुसऱ्या दिवशी तो २० होऊ शकतो.

त्यानंतर बघायचं जीव्हीएचडीकडे. दात्याच्या पेशी मुलाच्या शरीराला परकं समजून उठतात. तळहात, तळपाय, कानामागे पुरळ, हिरवट जुलाब, कावीळ. सगळं जुळलेल्या भावंडाकडून हा धोका सर्वांत कमी, शून्य नाही. म्हणून पेशींना आवरणारं सायक्लोस्पोरिन, साधारण सहा महिने, मग हळूहळू कमी. त्याची पातळी मोजायला रक्त काढाल तेव्हा एक लक्षात ठेवा. ज्या नळीतून ते औषध दिलंय त्याच नळीतून नमुना घेतला तर आकडा खोटा, भलताच मोठा येतो. घरी गेल्यावर दुसरीकडे कुठे रक्त काढायची वेळ आली तर तिथल्या माणसाला हे तुम्हीच सांगायचं. सीएमव्हीसारखे झोपलेले विषाणू जागे होताहेत का, याची तपासणीही त्या काळात दर आठवड्याला होते.

घरी सोडतात म्हणजे संपलं असं नाही. टी-पेशी भरून यायला अनेक महिने, प्रतिद्रव्यं नीट व्हायला कधी वर्ष-दोन वर्षं. आधीच्या लसी पुसल्या जातात, पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात, त्यातही जिवंत लसी सगळ्यात शेवटी. बहिणीचा रक्तगट वेगळा असेल तर त्याचा बदलून तिचा होईल, हे ऐकून आजोबांना धक्का बसू शकतो, आधी सांगून ठेवा. बसल्फानने पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, हेही सही करण्याआधी विचारा. चार वर्षांच्या मुलासाठी हा विषय काढायला पालकांना संकोच वाटतो. तुम्ही काढा.

एक अवांतर. सीजीडीचं पहिलं नीट वर्णन १९५७ मध्ये मिनेसोटात ज्यांनी केलं त्यांत रॉबर्ट गुड होते, तेव्हा त्याच्या नावातच ‘जीवघेणा’ असा शब्द होता. त्याच गुड यांच्या चमूने १९६८ मध्ये काही महिन्यांच्या स्किडच्या बाळाला बहिणीचा मज्जारस देऊन पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट केलं. तेव्हाही बहीणच.


बुरशीद्वेष्टा:

सीजीडी, वय ३४, ट्रान्सप्लांट न केलेला. म्हणजे तुमच्या वडिलांच्या बाजूचा साक्षीदार. पण साक्ष उलटी देणार आहे.

माझा प्रकार पी४७, ऑटोसोमल, म्हणजे दोष एक्सवर नाही, दुसऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकात. यात पेशींत थोडा ऑक्सिजनचा मारा शिल्लक असतो. २०१० मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात दिसलं की पेशी किती सुपरऑक्साइड (तोच ऑक्सिजनचा मारा) बनवतात यावर आयुष्यमान ठरतं. जनुक कुठलं यापेक्षाही तो उरलेला अंश महत्त्वाचा. तेव्हा मी चौतिशीत टाइप करत बसलोय हे बघून ‘औषधांवर चालतं की’ असा निष्कर्ष काढू नका. तुमच्या मुलाचा उंचवटा जागचा हललाच नाही म्हणता, तर त्याचा आणि माझा तक्ता वेगळा आहे. लॅबकडून उरलेल्या क्षमतेचा आकडा मागून घ्या. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला रिपोर्ट कामाचा नाही.

औषधांवर राहणं म्हणजे काय, तेही ऐका. संसर्ग हा निम्मा आजार. दुसरा निम्मा म्हणजे दाह, ज्यात जंतू नसतानाही शरीर पेटतं. माझं मोठं आतडं क्रोन्स (आतड्याच्या दाहाचा आजार) झाल्यासारखं वागतं. लघवीच्या वाटेत एकदा गाठ होऊन अडलं होतं. त्यासाठी स्टेरॉइड, आणि स्टेरॉइडने बुरशीला आमंत्रण. या दोन दगडांवर पाय ठेवून मी वीस वर्षं उभा आहे. तीन वेगवेगळे तज्ज्ञ आहेत आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. आणि हो, कुजलेला पाला, कंपोस्ट, जुनं गवत यापासून मुलाला लांब ठेवा, ट्रान्सप्लांट होईपर्यंत अगदी कडकपणे. सीजीडीवाल्याने एकदा कुजका पाला उकरला आणि त्यातले बुरशीचे बीजाणू छातीत गेले की काही दिवसांत न्यूमोनियाने जिवावर बेतू शकतं, आधी कितीही ठणठणीत असला तरी. ‘ठणठणीत’ या अवस्थेवर आमच्यात फार विसंबू नये.

जीन थेरपी. सुरुवातीच्या प्रयोगांत जुन्या पद्धतीच्या विषाणू-वाहकाने जनुक भलत्या ठिकाणी बसलं आणि काही रुग्णांच्या मज्जारसातच रोग निघाला. लेन्टिव्हायरस या नव्या वाहकाची पद्धत त्याहून बरी. २०२० मध्ये नऊ जणांचा अहवाल आला, दोघं लवकर गेले, त्यांना आधीपासूनच्या गंभीर गुंतागुंती होत्या. राहिलेल्या सातांपैकी सहा जणांत वर्षभरानंतर काम करणारे न्यूट्रोफिल टिकले होते. चांगलं आहे. मी माझ्यासाठी लक्ष ठेवून आहे. पण घरात दहापैकी दहा जुळलेली बहीण असताना मी त्यासाठी थांबलो नसतो. आणि त्यातही बसल्फान लागतंच, हे कुणी सांगत नाही.


थोरली_मी:

मुलीबद्दल विचारलंत, म्हणून मी.

मी आठ वर्षांची असताना धाकट्या भावाला मज्जारस दिला. त्याला विस्कॉट-ऑल्ड्रिच होता, म्हणजे अंगभर इसब, प्लेटलेट अगदी कमी, नाकातून रक्त आलं की थांबायचं नाही. तो आता कॉलेजात आहे, माझा रक्तगट घेऊन फिरतो आणि माझं काही ऐकत नाही.

शारीरिक त्रास खरंच फार नव्हता. भूल देतात, कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मज्जारस ओढतात, जागं झाल्यावर खाली पडल्यासारखं दुखतं, आठवड्यात मी खेळत होते. नंतर काही दिवस लोहाचं औषध. भाऊ लहान असेल तर घेतातही कमी, कारण मात्रा त्याच्या वजनावर ठरते. शरीर ते काही आठवड्यांत भरून काढतं.

दुखलं ते वेगळंच. मला सगळे ‘शूर’ म्हणत होते, आणि शूर मुलीला रडता येत नाही, प्रश्न विचारता येत नाहीत. नंतर भावाला पुरळ आलं, जीव्हीएचडी. मावशी फोनवर कुणाला तरी सांगत होती की हिच्या पेशी त्याच्या अंगावर उठल्यात. मी ते दाराआडून ऐकलं. पुढचे काही महिने माझी खात्री होती की मी मनातून त्याच्यावर चिडलेली होते म्हणून माझ्या पेशींनीही ते केलं. हे मी कुणालाही बोलले नाही. खूप वर्षांनी आईला सांगितलं तेव्हा ती सुन्न झाली.

म्हणून अधिकार किती याचं उत्तर मी असं देईन. अधिकार आहे, पण तिला सगळं सांगून. सात वर्षांच्या मुलीला बरंच कळतं. पुरळ येऊ शकतं, पेशी बसणारही नाहीत, आणि यातलं काहीही झालं तरी ते तिच्यामुळे नाही, हे आधी सांगा आणि झाल्यावर परत सांगा. तिच्यासाठी वेगळा डॉक्टर मागा, जो भावाच्या टीममध्ये नाही आणि फक्त तिचा विचार करेल. बऱ्याच केंद्रांत तशी सोय असते, पण मागितल्याशिवाय पुढे येत नाही. आणि तुमच्यापैकी एक जण भावाच्या खोलीत कोंडला जाणार आहे, तर दुसऱ्याने रोज तिच्याशी भावाबद्दल सोडून काहीतरी बोलावं. फाटलेल्या वह्यांबद्दल तिची तक्रार तेव्हाही ऐकून घ्या.


रात्रपाळी:

थोरली, ‘पेशी उठल्या’ असं मीही वर लिहिलंय, आणि वॉर्डात आम्ही सगळे असंच बोलतो, भावंडं दारात उभी असताना. उद्यापासून जपेन.

दादा, एक राहिलं. मुलीची डीएचआर झाली का? आई वाहक असेल तर मुलगी वाहक असायची शक्यता निम्मी. एचएलए जुळण्याशी याचा संबंध नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.


अर्धविराम:

सगळ्यांचे आभार. वडिलांना रात्रपाळीताईंचा पहिला परिच्छेद वाचून दाखवला. ‘ही बाई खरं बोलते’ एवढं म्हणाले आणि पेपर उघडला. आमच्याकडे याला होकार समजतात.

मुलीची चाचणी झाली. ती वाहक निघाली. आलेखात दोन उंचवटे, ६० टक्के पेशी नीट, ४० टक्के मुलासारख्या. डॉक्टर म्हणाले, तरीही दाता म्हणून विचार होऊ शकतो, पण सोबत परक्या दात्याचा शोधही रजिस्ट्रीत लावूया. बायको कोसळली, तिला वाटतंय दोन्ही मुलांना तिनेच दिलं. मी मात्र पहिल्यांदा हिशोबात शिरलो. बरोबर समजतोय का बघा. तिच्या पेशी शंभर टक्के बसल्या तर मुलाच्या ६० टक्के न्यूट्रोफिल काम करतील. मिश्र बसल्या, समजा निम्म्याच, तर ३०. आणि पुढे घसरल्या तर?


रात्रपाळी:

हिशोब बरोबर. सीजीडीत एक सोय आहे की सगळ्या पेशी दात्याच्या व्हाव्या लागत नाहीत. वाहक बायकांकडे बघूनच हे कळलंय. ज्यांच्या वीस टक्क्यांहून जास्त पेशी नीट असतात त्यांना सीजीडीसारखे संसर्ग सहसा होत नाहीत. म्हणजे ३० लाही संसर्गापासून बऱ्यापैकी संरक्षण. पण दाह किती आवरेल हे तितकं सरळ नाही, आणि तुमचं ‘पुढे घसरल्या तर’ हे बरोबर आहे, कारण वाहकांमधली ती टक्केवारी वयानुसार सरकू शकते. वाहक नसलेलं भावंड असतं तर प्रश्नच नव्हता. आता दोन पर्याय समोरासमोर ठेवायचे, ६० टक्केवाली बहीण, किंवा पूर्ण जुळलेला परका दाता, जर सापडला तर. परक्या दात्यात जीव्हीएचडी आणि पेशी नाकारल्या जाण्याचा धोका काहीसा जास्त, पण न्यूट्रोफिल शंभर टक्के नीट. डॉक्टरांना विचारा की तुमच्या केंद्रात दोन्ही प्रकारची किती झाली आणि मिश्र निघालेल्यांचं पुढे काय झालं. इंटरनेटवरची टक्केवारी त्यापुढे दुय्यम.

मुलीकडेही आता वेगळं लक्ष हवं. ६० टक्क्यांवर तिला संसर्गाची भीती नाही, पण सीजीडीच्या वाहकांना उन्हाने पुरळ, तोंडात वारंवार फोड, सांधेदुखी, ल्यूपससारखं (शरीर स्वतःवरच उलटतं तसला आजार) काहीबाही होऊ शकतं. आईला यातलं काही आहे का? असेल तर आजवर ‘उष्णता’ म्हणून सोडून दिलं असेल. दोघींची नोंद तज्ज्ञांकडे करून ठेवा. आणि ताईंना सांगा, एक्स कुठला जायचा हे कुणाच्या हातात नसतं. हे ऐकून बरं वाटत नाही, मला माहीत आहे, तरी सांगा.


अर्धविराम:

तिला उन्हाचं पुरळ लहानपणापासून आहे. कुणी कधी जोडलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भेट आहे. प्रश्न लिहून काढतोय. उरलेल्या क्षमतेचा आकडा, दोन्ही दात्यांची त्यांच्याकडची आकडेवारी, मुलीसाठी वेगळा डॉक्टर, मूल होण्याबद्दल, नाकातली नळी. काही सुटतंय?


बुरशीद्वेष्टा:

फुप्फुसांचा सीटी नव्याने करायला सांगा, जुन्यावर जाऊ नका. बुरशीचा छोटा डाग लक्षण न देताही बसलेला असतो.


रात्रपाळी:

केल रक्तगट. सीवायबीबीच्या शेजारीच दुसरं एक जनुक आहे, लाल पेशींवरच्या केल रक्तगटाच्या खुणा त्यावर अवलंबून असतात. काही मुलांत मोठा तुकडा गळालेला असतो आणि दोन्ही जातात. त्याला मॅक्लिऑड म्हणतात. अशा मुलाला नेहमीचं रक्त चढवलं की त्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात, आणि नंतर जुळणारं रक्त मिळणं महाकठीण. तुमच्या जनुकीय रिपोर्टात ‘डिलीशन’ लिहिलं असेल तर पहिली रक्ताची पिशवी लागायच्या आत हे तपासून हवं. ट्रान्सप्लांटमध्ये रक्त आणि प्लेटलेट लागतातच, आणि त्या किरणोत्सर्ग दिलेल्याच हव्यात.

आणि दातांच्या डॉक्टरकडे न्या, दोघांनाही नाही, फक्त मुलाला. किडका दुधाचा दात असेल तर कंडिशनिंगच्या निदान दोन-तीन आठवडे आधी निघालेला बरा, म्हणजे हिरडी भरून येते. भेटीची तारीख आणि दाताची तारीख एकाच दिवशी घेऊ नका, पोरगं दोन्हीकडे रडेल.